केतेवान राणीचे अवशेष

कॉकेशसमधील जॉर्जिया देशाची हुतात्मा राणी केतेवान (सु. १५६५–१६२४) हिच्या शरीराचे म्हणून पूजिले जाणारे अस्थिखंड. यांपैकी उजव्या बाहूचा भाग १६२७ मध्ये जुने गोवे येथील ऑगस्टिनियन मठात आणण्यात आला. पुढे मठ उजाड होऊन कोसळल्यावर तो सु. पावणेदोनशे वर्षे दृष्टिआड झाला. २००४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणास मठाच्या उत्खननात बाहूच्या हाडाचा एक तुटका तुकडा मिळाला. हैदराबाद येथील सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेत त्याचे डीएनए परीक्षण झाले आणि तो बहुधा केतेवान राणीचाच असावा, असा निष्कर्ष निघाला. ख्रिस्ती संतांच्या अवशेषांची शास्त्रीय तपासणी यूरोपात अनेकदा झाली आहे. भारतात मिळालेल्या अवशेषाच्या बाबतीत लिखित साधने, उत्खनन आणि आनुवंशिकी या तिन्हींची सांगड घातली गेल्याचे हे एक ठळक उदाहरण होय.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्जिया एकसंध राहिला नव्हता. त्याच्या पूर्व भागातील काखेतीचे छोटे राज्य तुर्की आणि इराणी या दोन साम्राज्यांच्या कात्रीत सापडले होते. केतेवान ही बाग्राती राजकुळाच्या मुखरानी शाखेतील राजकन्या. काखेतीचा राजपुत्र दाविद याच्याशी तिचा विवाह झाला. दाविद १६०१ मध्ये गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी वारला. १६०५ मध्ये दाविदचा भाऊ कॉन्स्टंटीन याने इराणच्या पाठिंब्याने आपला पिता दुसरा अलेक्झांडर व दुसरा एक भाऊ यांना ठार मारून राज्य बळकावले. इराणच्या दरबारात वाढलेल्या कॉन्स्टंटीनने इस्लामचा स्वीकार केलेला होता. केतेवानने काखेतीच्या सरदारांना एकत्र आणून त्याच्याविरुद्ध उठाव घडविला. त्यात कॉन्स्टंटीन मारला गेला आणि तिचा अल्पवयीन मुलगा तेइमुराझ राजा झाला. तो वयात येईपर्यंत कारभार राणीच पाहत होती. तिच्या मृत्यूची कथा सांगताना तिच्या आयुष्याचा हा भाग बहुधा गाळला जातो. परंतु शाह अब्बासच्या लेखी ती केवळ एक धर्मनिष्ठ विधवा का नव्हती, हे त्यावाचून कळत नाही.

सफावी घराण्याचा शाह अब्बास पहिला (कार. १५८८–१६२९) याने १६१४ मध्ये काखेतीवर स्वारी करण्याची तयारी चालविली, तेव्हा तेइमुराझने वाटाघाटीसाठी व ओलीस म्हणून आपली आई व दोन मुलगे यांना त्याच्याकडे पाठविले. युद्ध टळले नाही. पुढील दोन-तीन वर्षांत काखेती बेचिराख झाले आणि तेथील हजारो कुटुंबे इराणात नेऊन वसविण्यात आली. दोन्ही राजपुत्रांना शाहाने खच्ची केले. केतेवानला शिराझ येथे नजरकैदेत ठेवण्यात आले. या प्रांताचा सुभेदार इमामकुली खान हा स्वतः जॉर्जियन वंशाच्या घराण्यातील होता. अनेक वर्षांच्या कैदेनंतर तिने इस्लाम स्वीकारावा असा हुकूम आला. तिने नकार दिला, तेव्हा तापलेल्या लोखंडी सांडसांनी हालहाल करून तिला ठार मारण्यात आले. पोर्तुगीज वृत्तांतांत या घटनेची तारीख २२ सप्टेंबर १६२४ अशी आहे, तर जॉर्जियन चर्च तिचा स्मृतिदिन १३ सप्टेंबर मानते. हा फरक मुख्यत्वे ग्रेगरियन आणि ज्युलियन या दोन पंचांगांतील आहे. जॉर्जियन चर्चने लवकरच तिला संतपद दिले. तेइमुराझ हा कवीही होता. त्याने आईच्या यातनांवर १६२५ मध्ये रचलेले काव्य जॉर्जियन साहित्यात प्रसिद्ध आहे. जर्मन नाटककार आंड्रेआस ग्रीफिउस याने पुढे याच विषयावर शोकान्तिका लिहिली, इतकी ही वार्ता यूरोपभर पोहोचली होती.

ती यूरोपात व गोव्यात पोहोचविली ऑगस्टिनियन पंथाच्या पोर्तुगीज मिशनऱ्यांनी. १६०२ पासून इस्फाहान येथे त्यांचा मठ होता व शिराझ येथेही त्यांनी ठाणे स्थापिले होते. १६२२ मध्ये इराणी फौजांनी इंग्रजांच्या मदतीने होर्मुझ पोर्तुगीजांकडून जिंकून घेतले होते, तेव्हा त्या देशात पोर्तुगीज धर्मगुरूंची स्थिती नाजूक होती. तरीही त्यांनी राणीचे पुरलेले शव गुप्तपणे उकरून काढले व अस्थी प्रथम इस्फाहानला नेल्या. तेथून उजवा बाहू गोव्यास आला. इतर अवशेष घेऊन फ्राय आंब्रोझियु दुस आंजुस हा धर्मगुरू १६२८ मध्ये जॉर्जियात गेला व त्याने ते तेइमुराझच्या स्वाधीन केले. काखेतीतील आलावेर्दी येथील मुख्य चर्चमध्ये त्यांची स्थापना झाली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चची अनुयायी असलेल्या राणीच्या अस्थी रोमन कॅथलिक भिक्षूंनी सांभाळाव्यात, यामागे भक्ती तर होतीच. पण जॉर्जियात आपल्या पंथाला प्रवेश मिळावा हा हेतूही होता, आणि तो मिशनऱ्यांनी फारसा लपविलेला नाही. लिस्बन येथील ग्रासा मठात निळ्या चिनी मातीच्या चित्रफरश्यांवर राणीच्या हौतात्म्याचा प्रसंग रंगविलेला आहे.

गोव्यातील ऑगस्टिनियन मठ जुने गोवे येथील मोन्ते सांतो म्हणजे ‘पवित्र टेकडी’वर होता. नोस्सा सेन्योरा द ग्रासा या चर्चचे व त्यास लागून असलेल्या मठाचे बांधकाम सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू होऊन १६०२ च्या सुमारास पुरे झाले. जांभ्या दगडात बांधलेला सु. ४६ मी. उंचीचा घंटामनोरा हे त्याचे वैशिष्ट्य होते. या मनोऱ्याचा उभा चिरलेला अर्धा भाग तेवढा आज शिल्लक असून जुन्या गोव्यास जाणाऱ्या प्रत्येकाच्या तो नजरेत भरतो. पोर्तुगालमध्ये धर्मपंथ बरखास्त करणारा कायदा झाल्यावर १८३५ मध्ये गोव्यातील ऑगस्टिनियनांनाही मठ सोडावा लागला. देखभालीअभावी १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले. मनोऱ्यातील घंटा प्रथम आग्वाद किल्ल्यावर व १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये नेण्यात आली. ती तेथे अजून वाजते. १९३१ मध्ये दर्शनी भाग व निम्मा मनोरा पडला. वस्ती आधीच पणजीकडे सरकली होती. त्यामुळे इमारतीतील मूल्यवान वस्तू कोणी, केव्हा व कोठे नेल्या यांचा धागा तुटला. राणीच्या बाहूचे काय झाले, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

अवशेषांच्या सत्यासत्यतेचा विचार करताना ‘ताब्याची अखंडता’ हा पहिला निकष असतो. वस्तू मूळ व्यक्तीपासून आजपर्यंत कोणाकोणाच्या हाती होती, याची साखळी सलग असेल तर प्रयोगशाळेची गरज फारशी उरत नाही. ग्रासा मठापासून थोड्याच अंतरावर बॉम जेझुस चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेव्हियरचे शव आहे. तो १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर वारला आणि त्याचे शव १५५४ मध्ये गोव्यात आले. तेव्हापासून ते कोठे होते याची नोंद आहे. १६१४ मध्ये त्याचा उजवा हात कापून रोमला पाठविल्याचीही नोंद आहे. केतेवानच्या बाबतीत १६२४ ते १६२७ हा पहिला दुवा पोर्तुगीज वृत्तांतांमुळे बऱ्यापैकी भक्कम आहे. १८३५ नंतरचा दुवा मात्र नाहीच.

हा तुटलेला दुवा जोडण्यास उपयोगी पडली ती पोर्तुगीज कागदपत्रांतील एक ओळवजा नोंद. राणीचे अवशेष काळ्या दगडाच्या पेटीत घालून मठसभेच्या प्रार्थनामंदिरात, ‘पत्रवाचनाच्या बाजूस’ असलेल्या दुसऱ्या खिडकीत ठेवले आहेत, असे तीत म्हटले होते. विसाव्या शतकात रॉबेर्तू गुलबेंकियन या अभ्यासकाने ऑगस्टिनियन वृत्तांतांचा कसोशीने अभ्यास केला व राणीच्या अवशेषांच्या प्रवासाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. जॉर्जिया तेव्हा सोव्हिएट संघराज्याचा घटक होता. १९८० नंतरच्या दशकात तेथील अभ्यासकांची पथके गोव्यात येऊन गेली व भारत सरकारच्या सहकार्याने शोधास प्रारंभ झाला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८९ पासून मठाच्या अवशेषांवरील ढिगारा टप्प्याटप्प्याने उपसला. दरम्यान १९८६ मध्ये गोव्यातील चर्चवास्तूंचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा-सूचीत झाला होता.

नोंद वाचावयास सोपी, पण जागेवर लावावयास अवघड होती. चर्चमध्ये वेदीकडे तोंड करून उभे राहिल्यास उजवीकडची बाजू ती पत्रवाचनाची व डावीकडची शुभवर्तमानवाचनाची. म्हणजे बाजू ठरविण्यासाठी प्रथम वेदी कोठे होती हे कळले पाहिजे, आणि खिडकी दुसरी म्हणजे कोणत्या टोकाकडून दुसरी हे कळले पाहिजे. येथे तर भिंती जमिनीसपाट झाल्या होत्या आणि विस्तीर्ण मठातील कोणते दालन मठसभेचे, याबद्दलही प्रारंभी एकमत नव्हते. नकाशे, पाया व पडलेल्या भिंतींचे चिरे यांवरून दालनाची मांडणी पुन्हा ठरविल्यावरच शोध योग्य ठिकाणी केंद्रित झाला. २००४ मध्ये निझामुद्दीन ताहेर यांच्या पथकास या परिसरात बाहूच्या हाडाचा लांबट तुकडा मिळाला. अंधश्रद्धेने वा घाईने एखादे हाड ‘सापडविणे’ अशा प्रसंगी कठीण नसते. येथे जवळजवळ पंधरा वर्षे काही मिळाले नाही व मिळाल्यावरही लगेच नाव जाहीर करण्यात आले नाही, ही गोष्ट उत्खननकर्त्यांच्या विश्वासार्हतेत भर घालणारी आहे.

तथापि जागेचा पुरावा एकटा पुरेसा नव्हता. चर्च आणि मठ यांच्या जमिनीत शेकडो माणसे पुरलेली आहेत; त्यांच्या कोरीव थडगेशिळा आजही तेथे दिसतात. छत कोसळताना व नंतर चिरे काढून नेताना वरचे खाली आणि खालचे वर झाले असणार. हाड मठवासी भिक्षूचे, गोव्यातील एखाद्या धनिकाचे किंवा स्थानिक सेवकाचेही असू शकत होते. म्हणून प्रश्न अस्थीलाच विचारणे आवश्यक होते.

त्यासाठी मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतील तंतुकणिका यांमधील डीएनए निवडण्यात आला. पेशीच्या केंद्रकातील डीएनएच्या प्रत्येक पेशीत दोनच प्रती असतात, तर तंतुकणिकांतील डीएनएच्या शेकडो ते हजारो. गोव्यासारख्या उष्ण व दमट हवेत चारशे वर्षांच्या हाडातील डीएनएचे बारीक तुकडे होऊन जातात. अशा वेळी ज्याच्या प्रती अधिक, त्याचा काही अंश हाती लागण्याची शक्यता अधिक. हा रेणू लहान, म्हणजे सु. १६,५६९ घटकजोड्यांचा असतो व तो केवळ आईकडून अपत्यास मिळतो. त्यात पिढ्यान्‌पिढ्या साचत गेलेल्या बदलांवरून मातृवंशाचे गट पाडता येतात व त्या गटांचा भौगोलिक प्रसार ठाऊक असल्यास मातृकुळाच्या मूळ प्रदेशाचा अंदाज बांधता येतो. अशा परीक्षणात सर्वांत मोठा धोका हाड हाताळणाऱ्यांच्या डीएनएच्या मिसळीचा. म्हणून हाडाचा पृष्ठभाग खरवडून आतील भागाची पूड घेतात, काम वेगळ्या निर्जंतुक कक्षात करतात आणि हाडाची पूड न घालता तीच प्रक्रिया करून काही निष्पन्न होत नाही ना, हे पाहतात. हे हाड भारतात भारतीय कर्मचाऱ्यांनी हाताळलेले होते. मिसळ झाली असती, तर भारतीय गट दिसण्याचा संभव अधिक होता.

कुमारसामी थंगराज यांच्या प्रयोगशाळेत केलेल्या परीक्षणात या हाडाचा मातृवंश यू१बी या गटाचा असल्याचे आढळले. भारतीय उपखंडातील २२,००० हून अधिक व्यक्तींच्या माहितीसंग्रहात हा गट एकदाही मिळाला नाही. याच वृक्षाची यू१ए ही निराळी शाखा भारतात अल्प प्रमाणात आढळते, त्यामुळे उपशाखेपर्यंत जाऊन ओळख पटविणे येथे महत्त्वाचे होते. उलट जॉर्जियातील ३० व्यक्तींचे नमुने तपासले असता त्यांपैकी दोघांमध्ये यू१बी गट मिळाला. हे संशोधन प्रसिद्ध झाल्यावर जॉर्जियात त्याचे उत्साहाने स्वागत झाले.

संशोधकांनी आपल्या निष्कर्षात ‘बहुधा’ हा शब्द वापरला आहे आणि तो केवळ नम्रतेचा नाही. तंतुकणिकांचा डीएनए व्यक्ती ओळखत नाही, मातृवंश ओळखतो. यू१बी हा गट कॉकेशस व त्याच्या आसपासच्या प्रदेशांतील असंख्य स्त्रीपुरुषांत असतो. हाड स्त्रीचे की पुरुषाचे हेही त्यावरून ठरत नाही. खात्रीसाठी राणीच्या मातृकुळातील निश्चित व्यक्तीचा नमुना हवा. तो तेइमुराझच्या वंशजांकडून मिळू शकत नाही. कारण आईकडून तेइमुराझला मिळालेला हा वारसा त्याच्याबरोबरच संपला. मुलगा तो पुढे देत नाही. राणीची आई, बहिणी व त्यांच्या मुलींची मुलींमार्फत आजपर्यंत आलेली परंपरा सापडली तरच पडताळा घेता येईल.

काही शंका इतिहासाच्या बाजूनेही घेता येतात. आर्मेनियन व्यापारी सतराव्या शतकात गोव्यात ये-जा करीत. त्यांचा प्रदेश जॉर्जियाला लागूनच आहे. इराणातून परतणाऱ्या भिक्षूंबरोबर तिकडचे ख्रिस्ती सेवकही येत असणे शक्य आहे. दक्षिण यूरोपातही यू१ वृक्षाच्या शाखा तुरळक आढळतात. यांपैकी कोणाचे तरी हाड नेमके त्याच दालनात, कागदपत्रांनी दाखविलेल्या बाजूस, आणि तेही बाहूचेच मिळावे, हा योगायोग अशक्य नसला तरी फार मोठा ठरेल. निष्कर्षाचे बळ आहे ते याच ठिकाणी. हेच हाड दुसरीकडे कोठे मिळते, तर यू१बी गटावरून कोणी केतेवानचे नाव घेतले नसते. आणि त्याच जागी भारतीय वंशाचे हाड मिळते, तर नोंद असूनही दावा फेटाळावा लागला असता. परीक्षणाने दावा खोटा ठरू शकत होता आणि तो ठरला नाही, एवढेच पण एवढे नक्की म्हणता येते.

यूरोपातील दोन तपासण्यांशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. इटलीतील तूरिन येथील प्रेतवस्त्र हे येशू ख्रिस्ताच्या दफनाचे वस्त्र असल्याची श्रद्धा आहे. १९८८ मध्ये ऑक्सफर्ड, झुरिक व ॲरिझोना येथील तीन प्रयोगशाळांनी कार्बन-१४ पद्धतीने त्याचे वय काढले व ते वस्त्र १२६० ते १३९० या काळातील असल्याचा निर्वाळा दिला. त्या वस्त्राचा पहिला निश्चित उल्लेखही चौदाव्या शतकातील फ्रान्समधलाच आहे. नमुना वस्त्राच्या दुरुस्त केलेल्या भागाचा होता, असे आक्षेप पुढे घेण्यात आले. पण त्यांमुळे निकाल बदललेला नाही. दुसरे उदाहरण पादुआ येथील शवाचे. ते शुभवर्तमानकार लूकचे मानले जाते. लूक परंपरेनुसार सिरियातील अँटिऑकचा. या शवाच्या दातातील तंतुकणिका-डीएनएचे परीक्षण २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याचा मातृवंश ग्रीक असण्यापेक्षा सिरियन असण्याची शक्यता सु. तिप्पट असल्याचे दिसले. कालमापनाने ते शव इ. स. च्या पहिल्या ते पाचव्या शतकांच्या दरम्यानचे ठरले. तूरिनच्या बाबतीत विज्ञान ‘नाही’ म्हणू शकले; पादुआ व गोवे येथे ते ‘विसंगती नाही’ यापलीकडे गेले नाही. गोव्याचा पुरावा पादुआपेक्षा सरस वाटतो, तो डीएनए अधिक बोलका आहे म्हणून नव्हे. मृत्यू व स्थापना यांमध्ये जेमतेम तीन वर्षे आहेत व ठेवल्याची जागा खिडकीपर्यंत नोंदलेली आहे म्हणून.

श्रद्धाळूंना अशा संभाव्यतेची अडचण जाणवत नाही. जॉर्जियन चर्च हे अवशेष राणीचेच मानते. भारत सरकारने सप्टेंबर २०१७ मध्ये ते तात्पुरते जॉर्जियात पाठविले. सु. वर्षभर ते देशातील निरनिराळ्या चर्चमध्ये दर्शनासाठी फिरविण्यात आले व २०१८ मध्ये परत आले. ते कायमचे मिळावेत, ही जॉर्जियाची मागणी त्यानंतर अधिकच जोर धरू लागली. भारताच्या दृष्टीने ती सांस्कृतिक संपत्तीची बाब होती. जॉर्जियाच्या दृष्टीने परमुलखात मेलेल्या राणीला घरी आणण्याची. अखेर १० जुलै २०२१ रोजी भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी अवशेषांचा एक भाग तिबिलिसी येथे जॉर्जियाच्या शासनास भेट म्हणून सुपूर्द केला. ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख इलिया दुसरे त्या समारंभास उपस्थित होते. जुन्या गोव्यातील मठसभेच्या दालनाचे फक्त जोते व भिंतींचे खुंट उरले असून खिडकीची जागा तेथे दाखविली जाते.